आमच्याच घरात मेंबर

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा भारी हौशी. आमची बदली चंदीगडला झाली आणि ही दोघं पहिल्यांदाच राहायला आली, तेव्हा त्याने खोकंभर सामान आणलं. हॉलसाठी कॅमेरा, फोनवरून लागणारे दिवे, गीझरचा स्विच, बोललं की उत्तर देणारा स्पीकर. स्टुलावर चढून सगळं स्वतः बसवलं. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण जावयाने कौतुकाने दिलेलं नको कसं म्हणायचं? मी पुऱ्या तळत होते आणि तो आमच्या फोनांत अॅप घालून देत होता.

या हिवाळ्यात, ऐन धुक्यात, बहीण एकटीच आली. छोटी बॅग, फोन बंद. तो मारत नव्हता. मात्र अलीकडे ऑफिसला जाताना दाराला बाहेरून कुलूप घालून जायचा, तिच्या काळजीपोटी म्हणे.

"ताई, मी कुठे आहे हे त्याला कळलं तर तो न्यायला येईल," ती म्हणाली. "आणि तो समोर उभा राहिला की मी जाईन. मी ओळखते स्वतःला."

या दुसऱ्या वाक्याची मला जास्त भीती वाटली. तरी मी ठसक्यात म्हटलं, इथे तुला कोण शोधतंय.

हॉलमधल्या सोफ्यावर बसून आम्ही सगळं बोललो. वकील कोण गाठायचा, सेक्टर २२ मध्ये खोली कुठे बघायची, आईला काय सांगायचं. एरवीही या गावात आम्ही बिनधास्त बोलतो. भाजीवाल्यासमोर त्याच्या भेंडीला नावं ठेवतो, घरमालकिणीसमोर तिच्या पडद्यांना. मराठी कुणाला कळतंय इथे?

दोन-तीन दिवसांनी त्याचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच, साखरेत घोळलेला.

"ताई, ती तुमच्याकडे आलीये का?"

"नाही हो. का, काय झालं?" मी इतकं सफाईने खोटं बोलले की माझं मलाच कौतुक वाटलं.

"काही नाही. तिकडे थंडी फार आहे ना? पाहुण्यांना अंघोळीला गरम पाणी देत जा."

बोलायची पद्धत असेल म्हणून मी सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या बाथरूमचा गीझर आपोआप चालू झालेला. मग एकदा ती हॉलमध्ये वाचत बसली होती, तर भर दुपारी तिच्या डोक्यावरचा दिवा लागला. ती उठून आत गेली, दिवा विझला. मी घरमालकाच्या वायरिंगला शिव्या घातल्या. बहीण मात्र त्यानंतर हॉलमध्ये बसेनाशी झाली.

शेवटी मी लेकीला म्हटलं, बघ गं त्या अॅपमध्ये काय बिघडलंय. लेक आमच्या बदल्यांपायी उत्तरेतच वाढलेली, मराठी समजते पण उत्तर हिंदीत. तिने बराच वेळ बोटं फिरवली आणि मान वर न करता म्हणाली, "मम्मी, इसमें ओनर तो मौसाजी हैं. हम सब सिर्फ मेंबर हैं."

मला आधी कळेचना. मग तिने समजावलं, आमचा हॉल त्याला त्याच्या फोनवर दिसत होता. कॅमेऱ्याला कान होते. आमचं मराठी या शहरात कुणालाच कळत नव्हतं, आणि ज्या एकट्याला कळू द्यायचं नव्हतं तो घरी बसून ते ऐकत होता. वकील, खोली, आई, सगळं. माझं ते सफाईदार खोटंसुद्धा त्याने बहिणीला सोफ्यावर बसलेलं बघत ऐकलं असणार. मी कॅमेरा उपटला, स्पीकरची वायर ओढली, दिवे काढले. लेकीने उरलेले स्विच काढून टाकले.

थोड्याच वेळात माझा फोन वाजला. त्याचा मेसेज होता.

"ताई, तुमचं सगळं ऑफलाइन दाखवतंय. काळजी करू नका, मी दिल्लीत उतरलोय. संध्याकाळपर्यंत येऊन नीट करून देतो."

बहीण स्वयंपाकघरात पोळी खात होती. मी तिचे बूट तिच्यापुढे ठेवले. "कुठे जायचंय?" तिने विचारलं. घरात एकही वायर जागेवर राहिली नव्हती, तरी मी तोंडावर बोट ठेवलं.