भुईचा वाटा

बेलवाडीत बनुबाईला चांगलं म्हणणारं माणूस दिवा घेऊन शोधावं लागलं असतं, आणि तसं माणूस सापडावं अशी बनुबाईचीही काही इच्छा नव्हती. तिच्या बांधावर कुणाची शेळी चढली तर शेळीला एक धोंडा आणि मालकाच्या सात पिढ्यांना शिव्या, हा ठरलेला हिशेब. नवरा लढाईवर गेल्यावर तिनं स्वतः मोट धरली. बाईमाणसानं मोट हाकायची नसते, हे सांगायला दोघे शहाणे विहिरीवर आले होते. तिनं त्यांना आसूड दाखवला. शहाणे गेले, मोट चालू राहिली आणि ऊस पुरुषभर उंच झाला.

नवरा जोतिबा पलटणीत होता. भरती होण्याआधी त्यानं धाकटा भाऊ नाथाजी याच्याशी वाटणी केली. पांदीच्या वरचं रान नाथाजीचं, ओढ्याकाठचं विहिरीचं रान जोतिबाचं. घराच्या मधोमध भिंत घातली. कागद काही झाला नाही. चार जाणत्यांच्या देखत बोललं की झालं, अशीच तेव्हा रीत होती. पुढं जोतिबा इटलीला गेला, आणि एक दिवस तार आली. त्याचं तेराव्याचं जेवण लोकांना पचलंही नव्हतं, तोवर नाथाजी पारावर सांगू लागला, की वाटणी कसली, दादा नुसता बोलला होता. वहिनीला पोरबाळ नाही, दोन वेळची भाकरी मी घालीन, रान माझंच.

ज्यांच्या देखत वाटणी झाली त्यांतले दोघे वारले होते. उरलेल्यांना नीट आठवेना. बाईच्या बाजूनं आठवायला कुणाला फुरसत असते?

तारेनंतर काही महिन्यांनी जोतिबाच्याच पलटणीतला हंबीरराव रजेवर आला. बनुबाईनं त्याला चहा दिला आणि खरं सांग म्हणाली. त्यानं सांगितलं. जोतिबा जखमी होऊन एका ओढ्यापलीकडं पडला होता. पलीकडचं रान जर्मनांचं. रात्रभर त्याचं कण्हणं अलीकडं ऐकू येत होतं, पण आणायला कुणाला जाता आलं नाही. उजाडता उजाडता आवाज थांबला. बनुबाईनं हे ऐकून घेतलं, कप विसळला, आणि त्या दिवसापासून मटण शिवलं नाही. गावाला वाटलं, बाई देवधर्माला लागली. देवधर्म कुठला आलाय? तिला रक्ताचा वासच सोसेना.

आता बेलवाडीच्या शिकारीची रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच अडलं. जखमी जनावर दुसऱ्याच्या रानात शिरलं, तर शिकाऱ्यांनी बांधावर थांबायचं. म्होरक्यानं रानाच्या मालकाला नावानं हाक मारायची आणि विचारायचं, आमचं जनावर तुमच्या रानात शिरलंय, येऊ का? मालकानं ‘घ्या’ म्हटल्याशिवाय पाऊल आत टाकायचं नाही. जनावर त्या रानात पडलं, तर मागचा एक फरा, म्हणजे मांडीसकट अख्खा पाय, मालकाचा. त्याला भुईचा वाटा म्हणत. खून पाडणारी माणसंही ही रीत मोडत नसत. आणि दुसरी रीत अशी, की जखमी केलेलं जनावर तसंच टाकून घरी जायचं नाही. म्होरक्या आकाराम, ज्याला सगळे नाना म्हणत, तो या दुसऱ्या रीतीपायी एकदा उपाशीपोटी डोंगर पालथा घालत फिरला होता.

आदल्या वर्षी एक जखमी भेकर ओढ्याकाठच्या रानात येऊन पडलं. बनुबाई तेव्हा माहेरी गेली होती. आकारामनं नाथाजीच्या नावानं हाक मारली, नाथाजीनं ऐटीत ‘घ्या’ म्हटलं आणि फरा त्याच्या घरी गेला. झालं! तिथून पुढं लोकांच्या तोंडी ‘नाथाजीचं ओढ्याकाठचं रान’ बसलं. बैल विकत घ्यायला आलेला परका माणूससुद्धा बनुबाईला तिच्याच विहिरीवर विचारायला लागला, “नाथाजीरावांची विहीर हीच न्हवं?” तिच्या अंगाची लाही लाही झाली. ज्याला गाव मालक म्हणतं तोच शेवटी मालक होतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणखी एक फरा नाथाजीच्या घरात गेला, की आपण त्याच्या ओसरीवरची भाकरी मागणारी बाई झालो.

शिमगा संपून आठवडा झाला असेल. बनुबाई उसाचा पाला काढत होती. वरच्या डोंगराच्या अंगाला शिकारीचा हाका उठला, कुत्री भुंकली, आणि ठासणीच्या बंदुकीचा बार झाला. थोड्या वेळानं तिच्या उसाच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी जड धसमुसळत घुसलं. ऊस कडाकडा मोडला. मागोमाग शिकारी धापा टाकत बांधावर येऊन थांबले. आकाराम पुढं, त्याच्याजवळ नाथाजी, मागं भाले घेतलेली माणसं आणि साखळ्यांना हिसके देणारी कुत्री.

“नाथाजीऽऽ,” शेजारीच उभ्या असलेल्या नाथाजीला आकारामनं रीतीप्रमाणं मोठ्यानं हाक मारली. “आमचं जनावर तुमच्या रानात शिरलंय. येऊ का?”

“घ्या की, नाना. आपलंच रान हाय,” नाथाजी म्हणाला.

“त्याच्या रानात शिरलं असंल तर त्याच्या रानात जाऊन हुडका,” असं म्हणत बनुबाई उसातून बाहेर आली. तिच्या हातात कोयता होता. “हितं माझ्या बांधावर कशाला कडमडलायसा?”

“वयनी, बाजूला व्हा,” नाथाजी म्हणाला. “गड्यांच्या कामात बायकांनी पडू न्हाई.”

“टाका पाय, भावजी. एकच टाका. डुकराच्या फऱ्याबरूबर तुमच्याबी पायाचा वाटा घालती.”

मागं दोघंतिघं हसली. नाथाजीचा चेहरा उतरला, पण तो जागचा हलला नाही.

आकारामनं पागोटं सारखं केलं. त्याला बायकांशी वाद घालायची सवय नव्हती आणि आवडही नव्हती. “बनू, हट्ट करू नगंस. एकुलगा हाय, एकटा फिरणारा रानडुकराचा नर. माझा बार वाईट बसला. मागनं मोडलाय त्यो. असा ठिवणं पाप हाय.”

“मग इचारा.”

“इचारलं की आत्ता.”

“कुणाला इचारलं? मोट कुणी हाकली? हा ऊस कुणी उभा केला? मला इचारा, नाना. माझं नाव घिऊन, सगळ्यास्नी ऐकू जाईल आसं.”

मागचा अर्जुना पुढं सरसावला. गावात कुठंही तोंड घालायला हा तयार. “शिकारीत रांडमुंड बाईचं नाव घ्यायचं? पुन्यांदा जनावर गावंल का आमाला? आन् तू मटाण शिवत न्हाईस, तुला वाटा कशाला पायजे?”

“पुरीन. कावळ्याला घालीन. तुला काय करायचंय? वाटा माझा हाय.”

अर्जुना एक अस्सल शिवी देऊन मागं गेला. बनुबाईनं तिच्यापेक्षा अस्सल शिवी त्याच्या पाठीवर घातली.

ऊन कलायला लागलं होतं. उसातून आवाज आला. आधी घुरघुर होती, मग लांबलेलं कण्हणं. कुत्र्यांनीही कान टवकारले. बनुबाईच्या हातातला कोयता खाली आला. तिला तो आवाज नको होता. ओढा, पलीकडचं रान, आणि रीत नाही म्हणून कुणी आत यायचं नाही. तिनं जोतिबाचं कण्हणं कधी ऐकलं नव्हतं, पण रात्र रात्र जागून कल्पनेनं ते पाठ केलं होतं. तोंडातून नुसतं ‘जावा’ एवढं निघालं असतं तर आकारामनं एका घावात ते संपवलं असतं. पण त्या ‘जावा’बरोबर रानही गेलं असतं. नाथाजीनं परवानगी दिली आणि वहिनी बाजूला झाली, असंच गावानं म्हटलं असतं. तिला स्वतःची लाज वाटत होती आणि या सगळ्यांचा संतापही येत होता. ती ओठ चावत उभी राहिली.

नाथाजीला वाटलं, बाई नरमली. “बगा आता,” म्हणून त्यानं एकाच्या हातातला भाला ओढून घेतला आणि बांधावरून आत उडी मारली. आकाराम ओरडला, “आरं, थांब! मागं फीर!” पण नाथाजीला आज मालक म्हणून दिसायचं होतं. तो उसात दिसेनासा झाला. एकदम ऊस फाटल्यासारखा आवाज झाला, नाथाजीची किंकाळी आली, आणि पाठोपाठ भाला टाकून नाथाजी. तो थेट बांधावरच्या बाभळीच्या काट्यांवरच चढला. धोतर अर्धं काट्यांवर राहिलं, पोटरीतून रक्त वाहू लागलं.

“मालकाला रानानं लवकर सोडलं गं बाई,” बनुबाई म्हणाली. या वेळी कुणी हसलं नाही.

आतलं कण्हणं आता वाढलं होतं. आकाराम म्हणाला, “बनू, तुज्या काळजाला घट्टे पडल्यात का?”

“पडल्यात,” ती म्हणाली. “मोटंचा दोर वढून पडल्यात. तुमी नुसतं एक नाव घिना, आन् काळीज माझं बगताय?”

एवढं बोलून ती वळली. पदर कमरेला खोचला, कोयता घट्ट धरला आणि आवाजाच्या रोखानं उसात शिरायला निघाली. ज्याचं रान, त्यानंच त्या जनावराचे हाल संपवायचे, असं तिनं ठरवून टाकलं होतं. आपल्याला ते साधेल की नाही, हा विचारच तिनं केला नव्हता. मागं मोडलेला असला तरी त्या एकुलग्यानं आत्ताच एका गड्याला पळवला होता, आणि बाई कोयता घेऊन त्याच्या पुढ्यात चालली होती. आपल्या वाईट बाराची फेड ही बाई करायला निघाली आहे, हे आकारामला उघड्या डोळ्यांनी दिसत होतं.

“बनुबाईऽऽ!”

ती थांबली. वळली नाही.

“बनुबाईऽऽ,” आकाराम पुन्हा ओरडला, आता पलीकडच्या वस्तीपर्यंत जाईल असा. “आमचं जनावर तुमच्या रानात शिरलंय. येऊ का?”

“नाना!” नाथाजी काट्यांतून सुटत ओरडला.

“गप बस,” आकाराम म्हणाला.

बनुबाई वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते कुणाला दिसू नये म्हणून तिनं आवाज आणखी कडक केला. “घ्या,” ती म्हणाली. “आन् ऊस तुडवू नगासा. सरीतनं जावा.”

आकाराम एकटाच आत गेला. जवळून झालेला बार ऐकू आला, आणि मग काहीच आवाज आला नाही. बनुबाई बांधावर खाली बसली.

दिवस मावळायच्या आत पारासमोर वाटे पडले. नाथाजीनं लंगडत येऊन वाद घातला, की हाक पहिली माझ्या नावानं झाली होती. आकारामनं सुरी पुसत एवढंच म्हटलं, “जिनं बोलावलं तिच्या रानात गेलो. तू बोलावलंस तवा तूच पळून आलास.” मग सगळ्यांच्या देखत त्यानं पुकारलं, “भुईचा वाटा, बनुबाई जोतिबा.” बायकाही गोळा झाल्या होत्या. बाई मटण शिवत नाही, आता काय करते, हे बघायला सगळं गाव टपलेलं होतं.

बनुबाईनं डोकीवर चुंबळ ठेवली आणि तो फरा स्वतः उचलून घेतला. रक्त कपाळावरून ओघळलं. ती दातावर दात धरून चालत राहिली. गल्लीनं, सगळ्यांच्या दारांवरून, आपल्या दारापर्यंत. आणि तिथं न थांबता भिंतीपलीकडच्या दारात गेली. नाथाजीची बायको धोंडुबाई उंबऱ्यात उभी होती. तिच्या मागं पोरं होती. शिकारीचा दिवस म्हणून त्यांनी दुपारी धड खाल्लं नव्हतं.

“धर,” बनुबाई म्हणाली. “माझ्या रानाचा वाटा हाय. मी देती.”

“घिऊ नगंस!” मागून नाथाजी आला. गल्लीत माणसं थांबली होती. “तिचं काय बी घिऊ नगंस!”

धोंडुबाईनं नवऱ्याकडं पाहिलं, पोरांकडं पाहिलं. “आक्का, द्या हिकडं,” ती म्हणाली आणि दोन्ही हात पुढं केले.

बनुबाईनं घरी येऊन विहिरीच्या पाण्यानं डोकं धुतलं, पुन्हा धुतलं. मग ती मधल्या भिंतीला टेकून बसली. पलीकडं चूल पेटली, मसाल्याचा वास आला. तिनं नाकाला पदर लावला, पण उठली नाही. नाथाजी बराच वेळ ओसरीवर कुरकुरत होता, जेवणार नाही म्हणत होता. ताटं वाढल्याचा आवाज झाला. पोरांचं भांडण झालं, मिटलं. मग आत पाट सरकल्याचं ऐकू आलं, आणि थोड्या वेळानं नाथाजीचा खालच्या पट्टीतला आवाज.

“रस्सा वाढ आनी थोडा.”

बनुबाईनं पदर खाली घेतला आणि भाकरीचं टोपलं पुढं ओढलं.