जखम भरल्यावर

सकाळी गॅलरीत आई बाबांच्या डोक्याला तेल लावत होती. कानामागच्या व्रणापाशी तिची बोटं हलकी झाली. वर्षापूर्वी बाबा बाथरूममध्ये घसरले आणि डोकं नळावर आपटलं. टाके सुकले तेव्हा आम्ही पेढे वाटले. जखम भरली की माणूस बरा झाला, असं आपण किती सहज समजतो! पुढे ते बाजारातून घरी यायची वाट विसरले, मग माझं नाव.

आज त्यांनी संकोचून मान वळवली. "बाई, तुमचे यजमान कुठं असतात?"

आईचा हात थांबला. "मागल्या वर्षी गेले," ती म्हणाली.

"अरेरे!" बाबा कळवळले. तिचा तेलकट हात हातात घेऊन ते तिची समजूत घालत राहिले. आणि आई, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, त्यांच्यासमोर रडली.