मस्टरावरचा नारायण

गणतीच्या ड्युटीवर गेलेले दोन मास्तर एकत्र भेटले, मग ते बसस्टँडवर असोत, लग्नात असोत की मयताला, पाच मिनिटांत त्यातला एकजण म्हणतोच, "अरे, आमच्या ब्लॉकमध्ये काय झालं माहीत आहे?" झालं! हातातला चहा गार होतो आणि बस निघून जाते. सरकारी भाषेत तिला जनगणना म्हणतात, कर्नाटकातल्या आमच्या जोयडा तालुक्यात नुसतीच गणती. फॉर्म भरून झाले, गठ्ठे वर गेले, आकडे छापूनही आले असतील. ज्या गोष्टींना फॉर्मात रकाना नव्हता त्या मात्र आमच्याकडेच राहिल्या. माझ्याकडे जरा जास्तच राहिल्या असं मला वाटतं.

मी मूळचा खानापूरकडचा. घर रामनगरात आणि नोकरी कुंभारवाड्याच्या मराठी शाळेत. ही एक्क्याण्णवची गणती. माझा ब्लॉक म्हणजे डोंगरात विखुरलेल्या वस्त्या, दोन घरांमध्ये कुठे कुठे पाऊण तासाची चाल. प्रश्न मराठीत नाहीतर कोकणीत विचारायचा, उत्तर कानडीत लिहायचं. इतकं करून संध्याकाळपर्यंत सात घरं झाली तरी मी स्वतःवर खूश असायचो.

*

गणतीच्या आधी ट्रेनिंग झालं. आमचे सुपरवायझर बसप्पा सर, हळियाळकडचे हेडमास्तर. नियमाला पक्के, मनाने मऊ. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं की तुमच्या डोळ्यांना काय दिसतं ते लिहायचं नाही, समोरचा काय सांगतो ते लिहायचं.

गुंदच्या शाळेवरचे नाईक मास्तर मागच्या बाकावर होते. त्यांनी विचारलं, समोरचा खोटं सांगत असेल तर?

बसप्पा सरांनी चष्मा काढून पुसला. "तर ते खोटं सरकारचं झालं. तुमची जबाबदारी संपली."

आम्ही सगळे हसलो. मीही हसलो होतो.

*

फॉर्मात एक प्रश्न होता, गेल्या वर्षी काम केलं का? अर्ध्या वर्षाहून जास्त केलं असेल तर माणूस मुख्य कामकरी, कमी केलं तर दुय्यम, नाहीच केलं तर पुढच्या रकान्यात जायचं.

एका घरी नवरा ओसरीवर बसून उत्तरं देत होता. त्याचं झालं, बायकोचं आलं. काम करते का? तो म्हणाला, "न्हाई. घरातच असती."

तेवढ्यात ती बाई डोक्यावर शेतात राब भाजायला पाल्याचा भारा घेऊन अंगणात आली. तिचं तोंडसुद्धा दिसत नव्हतं, नुसता पाला आणि खाली दोन पाय. मी म्हटलं, वैनी, भारा उतरवा, दोन प्रश्न विचारायचेत. काम करता का तुम्ही?

"त्यांनी सांगितलं तेच लिवा," पाल्याच्या आतून आवाज आला. "पन बिगीबिगी लिवा मास्तर. भारा उतरला तर परत कोन चढवनार?"

मी "नाही" लिहिलं. तिला उभी ठेवून, अगदी सुवाच्य अक्षरात लिहिलं. लाज वाटली ती मी घरी पोचल्यावर.

*

वयाचा किस्सा नाईक मास्तरांचा आहे. आमच्याकडे वयाचं एक साधं गणित असतं. सरकारी नोकरीला वयाची अट असते म्हणून पोरांचं वय कमी सांगायचं, आणि म्हातारपणाची पेन्शन लवकर सुरू व्हावी म्हणून बापाचं वाढवायचं. गणतीचा फॉर्म त्या ऑफिसात जात नाही असं कितीही सांगा, कोण विश्वास ठेवतो? ताकसुद्धा फुंकून पिणारी माणसं.

गुंदच्या एका घरी बापाने स्वतःचं वय सहासष्ट सांगितलं. केस काळेभोर, नुकताच झाडावरून उतरलेला. थोरल्या मुलाचं वय त्याने एकोणीस सांगितलं. तो मुलगा शेजारीच बसला होता आणि त्याच्या मांडीवर डोकं ठेवून एक मुलगी पडली होती. ही कोण, म्हणून मास्तरांनी विचारलं. त्या थोरल्याचीच मुलगी. वय? नऊ.

नाईक मास्तरांचं पेन थांबलं. त्यांना काय वाटलं ते बापाच्या लक्षात आलं. तो शांतपणे म्हणाला, "पोरीचं खरं लिवा मास्तर. तिला कुठं नोकरी करायची हाय?"

त्या घरात तेवढं एकच वय खरं निघालं.

*

आता देवूचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याचंच आहे.

गणतीच्या आदल्या वर्षी घरांवर नंबर घालायचं काम असतं. मला त्यासाठी रस्त्याच्या गँगमधला एक रोजंदारीचा माणूस मिळाला. तो देवू गोविंद. चाळिशीचा, काटक, कमी बोलणारा. एका हातात पेंटचा डबा, दुसऱ्या हातात ब्रश, आणि रानातली प्रत्येक वाट पायाखालची. खऱ्या मोजणीलाही तोच माझ्याबरोबर आला.

मोजणीला एका घरापाशी गेलो तर भिंत नवीन सारवलेली. गेला नंबर, असं म्हणून मी कपाळाला हात लावला. देवूने बोट दाखवलं. सगळी भिंत शेणाने सारवून त्या बाईने नंबराभोवती वीतभर चौकोन तसाच सोडला होता, आणि चौकोनाच्या कडेने पांढऱ्या रांगोळीची रेघ काढली होती.

असं का, म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, "आमचं घर कुठल्याच कागदात न्हाई. तुमच्या कागदात तरी ऱ्हाऊ दे."

देवूने डबा खाली ठेवला आणि फिका पडलेला तो नंबर पुन्हा एकदा जाड करून दिला. मी सांगितलं नव्हतं.

*

गँगमधली एक रीत मला देवूकडूनच कळली. रोजंदारीच्या माणसाला सलग कामावर ठेवलं तर तो उद्या कायम करा म्हणून हक्क सांगेल, अशी वरच्यांना भीती. पण दरडी पडायच्या, झाडं आडवी व्हायची, माणूस तर रोज हवा. मग मुकादमाने तोडगा काढला होता, माणूस तोच ठेवायचा आणि नाव बदलायचं. तीन महिने झाले की मस्टरावरचं, म्हणजे हजेरीपटावरचं, एक नाव खाली उतरायचं आणि त्याच घरातलं दुसरं वर चढायचं. याला गँगमध्ये "नाव सुट्टीवर गेलं" म्हणत. रोज सकाळी हजेरी व्हायची, ज्या नावाने पुकारतील त्या नावाला "हाजीर" म्हणायचं आणि फावडं उचलायचं.

देवूच्या घरातलं दुसरं नाव नारायण. त्याचा थोरला भाऊ. तो सात वर्षांचा असताना तापाने गेला होता. मुकादमाने घाईत आणखी एक नाव मागितलं तेव्हा देवूच्या तोंडून तेच निघालं.

मोजणीत देवूच्या दारात पोचलो. रोज बरोबर हिंडणारा माणूस, पण फॉर्म म्हणजे फॉर्म. मी विचारलं, नाव?

देवूने विचारलं, "ह्या म्हैन्याचं सांगू का कायमचं?"

कायमचं सांग म्हटलं. मग त्याने देवू सांगितलं. पुढे कामाचा रकाना आला. वर्षात किती दिवस काम केलं?

"देवूनं सा म्हैने. नारायनानं सा म्हैने."

"आणि तू?"

"म्या बारा म्हैने."

मी मुख्य कामकरी लिहिलं. बारा वर्षं तो माणूस असा राबत होता आणि सरकारच्या दप्तरात त्याची सलग चार महिन्यांचीसुद्धा नोकरी नव्हती. मला त्या दिवशी खरंच राग आला होता, पण तो कुणावर काढायचा ते कळेना.

*

देवू झाल्यावर त्याची आई. म्हातारी उन्हात शिकेकाई वाळत घालत होती. बायकांना विचारायचं असायचं की मुलं किती झाली आणि त्यातली हयात किती. हा प्रश्न मला कधीच नीट विचारता आला नाही. मी आवाज खाली करून विचारलं, आजी, पोरं किती झाली?

तीन, म्हणाली. हयात किती? तर तीनच म्हणाली.

मी देवूकडे बघितलं. तो आणि खानापूरकडे दिलेली बहीण, दोनच. देवू डब्याच्या झाकणाकडे बघत होता. मी हळूच म्हटलं, आजी, नारायण...

"हाय की," म्हातारी म्हणाली. "मस्टरावर हाय."

मग तिने सांगितलं. एकदा ती देवूची भाकरी घेऊन रस्त्यावर गेली होती, नेमकी हजेरीच्या वेळेला. मुकादमाने मोठ्याने नारायण गोविंद म्हणून हाक मारली. तीस वर्षांत ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं, तिनेसुद्धा नाही. "आन् त्यानं ओ दिली, मास्तर. म्या ह्या कानांनी ऐकली."

मी काय करणार? समोरचा सांगतो ते लिहायचं. झालेली मुलं तीन, हयात तीन.

बसप्पा सरांनी तपासताना ते बरोबर पकडलं. तिसरा कुठे आहे, म्हणून विचारलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. नियम तोच आहे, म्हणाले, आणि सही करून फॉर्म गठ्ठ्यात ठेवला.

*

पुढे दोन-तीन वर्षांनी गँगमध्ये बातमी आली की दहा वर्षं सलग राबलेल्या रोजंदारीच्या माणसांना कायम करणार आहेत. देवू शाळेत आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो काही मागायला आला होता. कायम झाला तर साठीपर्यंत पगार आणि पुढे पेन्शन, नाहीतर मुकादमाची मर्जी असेल तोपर्यंत फावडं. त्याला गणतीचा फॉर्म हवा होता, बारा महिने काम करतो असं लिहिलेला.

मला सांगावं लागलं की तो कागद कुणालाच दाखवत नाहीत, कायदाच तसा आहे. कोर्टातसुद्धा चालत नाही.

"मग कशाला लिवून नेलासा?" त्याने विचारलं. रागाने नाही, खरंच माहीत नव्हतं म्हणून.

मी टेबलावरचा कोरा कागद ओढला. रस्त्याच्या खात्याला त्याच्या वतीने अर्ज लिहिला. देवू आणि नारायण ही एकाच माणसाची नावं आहेत, पगार घेताना मस्टरावर उठवलेले दोन्ही नावांचे अंगठे एकाच हाताचे आहेत, ताडून पाहा, असं स्पष्ट लिहिलं. महिन्याभराने कळलं की एक साहेब स्वतः चौकशीला येणार आहेत.

उळवीच्या जत्रेचे दिवस जवळ आले होते, गँग त्या रस्त्यावर खड्डे बुजवत होती. त्या दिवशी मी रजा काढून देवूबरोबर निघालो. वाटभर त्याला पढवलं. साहेबांनी विचारलं की पुढे हो, मीच देवू म्हण, अंगठा दाखव, मुकादमाला भिऊ नको. तो मान हलवत होता. मग चालता चालता त्याने विचारलं, "मास्तर, देवू कायम झाला तर नारायनाच्या नावाचं काय करत्यात?"

"काय करणार? काट मारतील. मेलेल्या माणसाचं नाव आहे ते."

त्याची पावलं मंदावली आणि तो माझ्या मागे पडला. मला वाटलं, चौकशीची धास्ती घेतली असेल.

साहेब माणूस चांगला होता. खुर्ची नको म्हणाला, रस्त्यातच उभा राहिला आणि मुकादमाच्या हातातून मस्टर घेऊन स्वतः हजेरी पुकारू लागला. तो महिना नारायणाचा होता.

"नारायण गोविंद."

"हाजीर," देवू म्हणाला.

हजेरी संपली. साहेबांनी मस्टर मिटलं आणि खिशातून माझा अर्ज काढून उलगडला. यातला देवू गोविंद कोण, पुढे या, असं कानडीत म्हणाले. मुकादम खडीच्या ढिगाकडे बघत राहिला. कुणीच हललं नाही. मी मागून हलकेच हाक मारली, देवू, अरे!

साहेबांनी समोरच उभ्या असलेल्या देवूला विचारलं, तू ओळखतोस का त्याला?

देवूने हातातलं फावडं खाली ठेवलं, हात धोतराला पुसले आणि नीट उभा राहिला.

"व्हय साहेब. धाकटा भाऊ माझा. त्यो सुट्टीवर हाय."