फट ठेवा, डॉक्टर

धंतोलीतल्या दातांच्या दवाखान्यात तो माझ्या शेजारी बसला होता. सावनेरकडचा, पन्नाशीचा. गाडीवरून पडून त्याचे समोरचे दोन दात गेले होते, म्हणून बोलताना तो दुपट्टा तोंडावर धरी. मधूनच खिशातला जुना फोटो काढी, शर्टाला पुसून परत ठेवी.

डॉक्टरांनी त्याला सगळं समजावलं होतं. इम्प्लांट पक्कं, पण हाडात रुजायला सहा महिने तरी लागणार. ब्रिज शेजारच्या दातांवर बसतो, त्यासाठी ते चांगले दात घासून लहान करावे लागणार. त्यानं काढघालीची कवळी निवडली होती.

"काहून?" मी विचारलं.

त्यानं फोटो पुढे केला. त्यात तो हसत होता आणि समोरच्या दोन दातांमध्ये फट होती.

"माय सारं भुलली, पण ही फट पाहून मले ओळखे. दात गेले तवापासून विचारते, तू कोन होय गा? डॉक्टरले म्हटलं, फट तशीच ठेवा. अन् थांबाले सहा महिने मायपाशी कुठी हायेत?"

तेवढ्यात आतून माझं नाव पुकारलं. मी अशीच एक फट बुजवून घ्यायला आलो होतो, आईकडून आलेली.

"आधी तुम्ही जा, भाऊ," मी म्हटलं आणि जिभेनं माझी फट चाचपत बसलो.