चौकटीत न मावलेली ओळ

आमच्या ऑफिसात फरशी पुसणाऱ्या सेल्वीअक्का माझ्या स्क्रीनपाशी थांबल्या आणि ओठ हलवत वाचू लागल्या. दवाखान्याची तमिळ वेबसाइट होती. मी बनवलेली. मला तमिळ येत नाही.

"'गरोदर बाईनं ही गोळी', एवढंच लिवलंय," त्या म्हणाल्या. "पुढं काय? घ्यायची का नाय?"

पुढची ओळ चौकटीत मावेना, म्हणून मीच उडवली होती.

"पण दिसतंय झकास!" साहेब म्हणाले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. न येणारी लिपी म्हणजे आम्हाला नुसती नक्षी. कापली तर कुणाचं काय जातं? पण साहेबांवर कशाला ओरडू, कापली मीच होती.

घरी बायकोला सातवा महिना आहे. तिच्या गोळ्यांवरचं बारीक अक्षर मी भिंग लावून वाचतो.