मी चपला राखते

"जा तुमी, मी चपला राखते!" असं म्हणून आमच्या नर्सबाई खडकाच्या सावलीत फतकल मारून बसायच्या. मग त्या काही हलायच्या नाहीत.

गोंडपिपरी तालुक्यातल्या एका दवाखान्यात त्या नर्स होत्या आणि मी कंपाउंडर. ऐंशीनंतरची ती वर्षं. हिवाळ्यात धान निघालं की आम्ही सगळे जंगलातल्या खडकांकडे डबापार्टीला जायचो. दोन अजस्र खडक आणि मध्ये जेमतेम माणूस मावेल एवढी फट. चपला काढून, अंग तिरकं करून आत सरकायचं. पलीकडे उघड्या आभाळाखाली एक गोल जागा, आणि तिची भिंत म्हणजे सहा बाजूंचे उंच दगडी खांब, सरपण रचून ठेवावं तसे एकमेकांना चिकटून उभे. कोणी कोरलेले नाहीत बरं का, निसर्गतःच तसे!

त्या फटीबद्दल गावात एक समज होता. पापी माणूस तिच्यात अडकतो म्हणे.

बाई अंगानं चांगल्या ऐसपैस. "पाप-बिप काई नाई, माहं पोट आडवं येते," असं हसून सांगायच्या. पण आम्ही बाहेर आलो की एकेकाला धरून विचारायच्या, "का दिसलं? नीट सांगा ना!" आम्ही आपले "खांब आहेत बाई, खांब" म्हणत डबे उघडायचो. त्यांचा चेहरा पडायचा. आत जायची केवढी हौस त्यांना! पण अडकलो तर गावभर बोभाटा होईल, ही धास्ती. अडलेल्या बाळंतिणीसाठी भर पावसात नाला ओलांडणारी ही बाई त्या फटीला मात्र घाबरायची.

मग त्यांच्या बदलीचा हुकूम आला. त्या जायच्या आधी शेवटची डबापार्टी ठरली, तेव्हा आमच्यासोबत गावातली म्हातारी दाई होती. बाईंबरोबर तिनं कितीतरी बाळंतपणं केलेली. ती आधी आत सरकली आणि तिथूनच तिनं हात पुढे केला. "चाल वो बाई."

बाई निघाल्या, आणि अर्ध्यात अडकल्या!

"झालं आता माहं," बाई रडकुंडीला येऊन म्हणाल्या.

"काई नाई झालं! दगडच लहान आहे," दाई आतून खेकसली. "बाळंतपणात बायाइले सांगते ना तू? दम सोड, दम सोड! आता तूच सोड!"

बाईंना असं काही हसू फुटलं की दम आपोआप सुटला. दाईनं हिसका दिला आणि बाई पलीकडे.

आतून त्या ओरडल्या, "अरे, तुमी तं मले काईच सांगतलं नव्हतं!"

बाई बदलून गेल्या, पुन्हा भेट झाली नाही. पुढच्या हिवाळ्यात आम्ही फटीतून बाहेर आलो आणि सवयीनं त्या सावलीपाशी थांबलो. नुसत्या चपला पडलेल्या. मला फार चुकल्याचुकल्यासारखं झालं हो.

शेवटी सोबत आलेली दाईच बाईंच्या जागी टेकली. "का दिसलं?" तिनं विचारलं.

डबे तसेच ठेवून आम्ही सांगायला बसलो.