दादाच्या पोटातली माझी किडनी

माझी एक किडनी माझ्या थोरल्या भावाच्या पोटात आहे आणि याचा मी खुशाल तोरा मिरवते. जरीपटक्याच्या बाजारात ओळखीचं कुणी भेटलं की दादाच्या तब्येतीआधी मी तिचीच खुशाली सांगते.

पारशिवनीहून राहायला आलेल्या मावशीला मात्र दादा खंगलेला दिसला. तिने शेतातल्या कडुलिंबावर चढलेली गुळवेल आणली होती. तिचा काढा करून ती त्याला रोज पाजू लागली, तेही मला न सांगता. दादाही असा, मावशीचं मन कसं मोडायचं म्हणून मुकाट प्यायचा.

काही दिवसांत त्याच्या रक्तातलं क्रिएटिनिन चढलं, म्हणजे किडनी नीट गाळेना. बायोप्सी झाली. डॉक्टरांनी मला मायक्रोस्कोपमधून दाखवलं: किडनीच्या नळ्यांच्या भिंतीत घुसलेले गडद निळे ठिपके. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. या मारेकरी पेशी मी फळ्यावर किती वेळा काढल्या असतील! समोरच्या पेशीला चिकटतात, तिला भोकं पाडतात, आत विष सोडतात, की ती संपली. विषाणू शिरलेल्या पेशी त्या अशाच मारतात, म्हणून तर आपण जगतो. पण इथे त्या माझ्या किडनीवर उठल्या होत्या. माझं डोकंच फिरलं.

डॉक्टरांनी खोदून विचारलं तेव्हा दादाने काढ्याचं कबूल केलं. घरी येऊन मी काढ्याचं पातेलं मोरीत ओतलं.

"काहून वं? ताकदीचं हाय ना ते!" मावशी ओरडली.

"कोणाची ताकद, मावशी? त्याच्या अंगातल्या पहारेकऱ्यांले माही किडनी परकी वाटते. गोळ्या देऊन त्यायले झोपवून ठेवलं हाय, अन् तू त्यायले उठवून राहिली!"

"सख्ख्या बहिणीची हाय, तरी ओयखत नाही?"

"नाही ओयखत."

मावशीने उरलेली गुळवेल उचलून बाहेर टाकली.

काढ्यानेच झालं असं डॉक्टरांनी छातीठोकपणे सांगितलं नाही, पण बंद करा म्हणाले. इंजेक्शनं सुरू झाली. ते दिवस मी जीव मुठीत धरून काढले. मग क्रिएटिनिन उतरलं, किडनी तगली आणि मी गल्लीभर पेढे वाटले.

परवा दादाच्या सासरची मंडळी भेटायला आली. त्यांनी पिशवीतून ताकदीच्या चूर्णाचा डबा काढला. मी तोंड उघडायच्या आत मावशी उठली आणि डबा परत त्यांच्या पिशवीत कोंबला.

"याले काही चाटवू नका जी," ती म्हणाली, "आत आमची पोरगी बसली हाय."